जेम्स बर्जेस

जेम्स बर्जेस (१४ ऑगस्ट, १८३२ - ३ ऑक्टोबर, १९१६) हे स्कॉटिश पुरातत्त्वज्ञ, गणिताचे अध्यापक आणि संपादक होते. पश्चिम भारतातील कोरीव लेण्यांची सलग व मोजमापांवर आधारलेली पाहणी त्यांच्या नेतृत्वाखाली झाली. इ.स. १८७२ मध्ये त्यांनी ‘इंडियन अँटिक्वेरी’ हे नियतकालिक सुरू केले. १८८६ ते १८८९ या काळात ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे महासंचालक होते. जेम्स फर्ग्युसन यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘द केव्ह टेंपल्स ऑफ इंडिया’ (१८८०) हा ग्रंथ लेण्यांच्या अभ्यासात आजही आधारासाठी उघडला जातो. तत्कालीन हैदराबाद संस्थानातील धाराशिव, खरोसा, अंबाजोगाई (मोमिनाबाद), औरंगाबाद आणि वेरूळ येथील लेण्यांची त्यांनी केलेली नोंद मराठवाड्याच्या प्राचीन इतिहासासाठी विशेष महत्त्वाची आहे.

प्रारंभिक जीवन

बर्जेस यांचा जन्म स्कॉटलंडमधील डम्फ्रीसशायर परगण्यातील कर्कमाहो या गावी झाला. डम्फ्रीस, ग्लासगो व एडिनबरा येथे त्यांचे शिक्षण झाले. गणित हा त्यांचा मूळ विषय होता आणि तो आयुष्याच्या अखेरपर्यंत सुटला नाही. १८५५ मध्ये ते कोलकाता येथील डव्हटन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून भारतात आले. १८६१ मध्ये ते मुंबईस गेले व सर जमशेटजी जीजीभाई पारशी बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या शाळेचे मुख्याध्यापक झाले. पुढे १८६८ ते १८७३ या काळात बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीचे चिटणीसपदही त्यांच्याकडे होते.

पुरातत्त्वाचे औपचारिक शिक्षण त्या काळी कोठेच मिळत नसे. लष्करी अधिकारी, डॉक्टर, मिशनरी, निळीचे व्यापारी असे नाना व्यवसायांतील लोक सवडीप्रमाणे प्राचीन अवशेषांकडे वळत. बर्जेस हे त्यांपैकी शाळामास्तर होते, हे त्यांच्या ग्रंथांची मांडणी पाहिली की लक्षात राहते. आधी जागा, मग दिशा, मग लांबी-रुंदी, मग खांबांची संख्या आणि सर्वांत शेवटी मत, असा त्यांच्या वर्णनाचा क्रम सहसा बदलत नाही.

मुंबईतील वर्षे आणि पहिली पुस्तके

मुंबईत बर्जेस आले तेव्हा लेण्यांविषयीचे कुतूहल नवे राहिले नव्हते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली होती. फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवरील निबंध वाचला. त्यानंतर सोसायटीने ईस्ट इंडिया कंपनीकडे लेण्यांच्या जतनाची मागणी केली आणि १८४८ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत लेण्यांसाठी एक आयोग नेमला गेला. शिलालेखांच्या वाचनात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी मोठी मजल मारली होती. अजिंठ्याच्या शिलालेखांचे त्यांनी केलेले वाचन १८६० च्या दशकात प्रसिद्ध झाले.

या पार्श्वभूमीवर बर्जेस यांनी शाळेच्या सुट्यांतून प्रवास सुरू केला. १८६९ मध्ये शत्रुंजयावरील जैन मंदिरांविषयी आणि त्याच सुमारास सोमनाथ, जुनागढ व गिरनार येथील वास्तूंविषयी त्यांची पुस्तके निघाली. दोहोंत साईक्स अँड ड्वायर या छायाचित्रकारांची छायाचित्रे होती. १८७१ मध्ये घारापुरीच्या लेण्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. मुंबई बंदरातून होडीने एका दिवसात जाऊन येण्यासारखी घारापुरी ही त्या वेळी युरोपीय प्रवाशांची ठरलेली सहल होती. त्या सहलीला निघालेल्या माणसाच्या हाती मूर्तींची नावे व त्यांमागील कथा नेमकेपणाने देणारे पुस्तक त्यामुळे आले.

१८७२ मध्ये त्यांनी ‘इंडियन अँटिक्वेरी’ सुरू केले आणि १८८४ पर्यंत त्याचे संपादन केले. गेओर्ग ब्यूलर, जॉन फेथफुल फ्लीट, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांसारख्या विद्वानांचे लेखन या मासिकातून येत असे. शिलालेख आणि ताम्रपट यांचे मूळ पाठ, भाषांतर व चर्चा एकाच ठिकाणी मिळू लागल्याने भारतातील अभ्यासकांना युरोपातील नियतकालिकांवर विसंबून राहण्याची गरज कमी झाली.

पश्चिम भारताची पाहणी

पश्चिम भारतासाठी स्वतंत्र पुरातत्त्वीय पाहणी स्थापन झाली तेव्हा तिची सूत्रे बर्जेस यांच्याकडे आली. पावसाळा संपल्यावर बाहेर पडायचे, उन्हाळा कडक होईपर्यंत तंबूतून काम करायचे आणि उरलेले महिने नकाशे व अहवाल तयार करण्यात घालवायचे, असा या पाहणीचा क्रम होता. पहिला हंगाम १८७४ च्या आरंभी बेळगाव व कलादगी जिल्ह्यांत झाला. त्यात बदामी, ऐहोळे, पट्टदकल ही स्थळे आली. दुसरा हंगाम काठेवाड आणि कच्छमध्ये गेला. १८७५-७६ च्या तिसऱ्या हंगामासाठी हैदराबाद संस्थानातील बिदर व औरंगाबाद भागाची निवड झाली. या हंगामाचा अहवाल १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला.

लेण्याची मोजणी हे बांधीव मंदिराच्या मोजणीपेक्षा वेगळे काम आहे. लेण्याला बाहेरची बाजू नसते. भिंतीची जाडी मोजता येत नाही, पाया नसतो, छताच्या वर डोंगर असतो. कोरणाऱ्याने दगड काढून टाकून जी पोकळी निर्माण केली, तीच वास्तू. त्यामुळे जमिनीचा नकाशा आणि उभा छेद असे दोन्ही काढल्याशिवाय लेण्याचे खरे स्वरूप कागदावर येत नाही. आतील अंधार, वटवाघळे, पावसाच्या पाण्याने भरलेला गाळ आणि आग्या मोहोळे या अडचणी नित्याच्या. लेखांचे ठसे घेण्यासाठी ओला कागद दगडावर बसवून कुंच्याने ठोकला जाई आणि वाळल्यावर काढून घेतला जाई. या कामात अनेक भारतीय आरेखक व सहाय्यक होते. नकाशे त्यांच्या हातचे आहेत, पण ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर त्यांची नावे नाहीत.

धाराशिव आणि खरोसा

धाराशिव शहराजवळच्या डोंगरातील लेण्यांचे सविस्तर वर्णन या अहवालात आहे. आत तीर्थंकरांच्या मूर्ती असल्याने बर्जेस यांनी ही लेणी जैन मानली. पुढे म. के. ढवळीकर यांनी विहारांची रचना अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशी जुळते हे दाखवून, मूळ लेणी बौद्ध होती व नंतर ती जैनांच्या वापरात आली, असे प्रतिपादन केले. ढवळीकरांचा युक्तिवाद ज्या तुलनेवर उभा आहे, ती तुलना आराखड्यांची आहे. मोजणाऱ्याचे मत बदलले, तरी मोजलेले आराखडे पुढच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडले.

आजच्या लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात असलेली खरोशाची लेणी मऊ जांभ्या दगडात कोरलेली आहेत. शैव व वैष्णव मूर्तिपट येथे आहेत. दगडाच्या जातीमुळे त्यांची झीज फार झाली आहे आणि म्हणून जुन्या वर्णनाचे मोल येथे अधिक.

अंबाजोगाई

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गाव निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. बर्जेस यांच्या लेखनात गाव याच नावाने येते. येथे योगेश्वरी देवीचे मंदिर, यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याशी संबंधित शिलालेख आणि जयंती नदीच्या परिसरात कोरलेली लेणी असे तीन वेगवेगळ्या प्रकारचे अवशेष आहेत.

मुख्य लेणे लोकांत ‘हत्तीखाना’ या नावाने प्रसिद्ध आहे. ‘जोगाईचा मंडप’ असेही त्याला म्हणतात, अलीकडे ‘शिवलेणी’ हे नावही रूढ झाले आहे. सह्याद्रीतील लेण्यांसाठी चढावे लागते. येथे मात्र उलट आहे. जमिनीच्या पातळीवरून खाली खडकात उतरत गेलेले हे काम असल्याने जवळ जाईपर्यंत लेणे दृष्टीस पडत नाही. खडक खोदून मोकळे केलेले प्रशस्त पटांगण, त्यात नंदीसाठी मंडप, मोठ्या आकाराचे चार दगडी हत्ती आणि त्यांच्या पलीकडे ३२ खांबांचा विस्तीर्ण सभामंडप अशी त्याची रचना आहे. गावाने ‘हत्तीखाना’ हे नाव या हत्तींवरूनच दिले. पटांगणात एकाच पाषाणातील हत्ती व नंदिमंडप ठेवण्याची ही कल्पना वेरूळच्या कैलास लेण्यातही आढळते. तेथे तिला जो उंच डोंगरकडा लाभला आहे, तो येथे नाही. भिंतींवर शैव मूर्तींचे पट आहेत. परिसरात जैन लेणीही आहेत.

लेण्याला चिकटलेली लोककथा वेगळीच आहे. कोकणातील योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले, वऱ्हाड अंबाजोगाईपर्यंत आले, पण मुहूर्त टळला. देवी तेथेच राहिली आणि वऱ्हाडाचे दगड झाले, असे सांगतात. कोकणातील अनेक घराण्यांची कुलदेवता देशावर कशी, या प्रश्नाचे उत्तर ही कथा देते आणि लेण्यातील हत्तींनाही त्या वऱ्हाडात जागा मिळते. बर्जेस यांची पाहणी दगडाचे वय व पंथ शोधणारी होती, गावाची आठवण त्याच दगडाला लग्नघर समजत होती. मोमिनाबादच्या लेण्यांना ‘द केव्ह टेंपल्स ऑफ इंडिया’मध्ये ब्राह्मणी लेण्यांच्या वर्गात स्थान मिळाले. अजिंठा-वेरूळच्या तुलनेत ही नोंद लहान आहे. तरीही रेल्वेपासून दूर, संस्थानच्या आडभागात असलेल्या या लेण्याची जगातील अभ्यासकांना ओळख झाली ती मुख्यतः या ग्रंथामुळे.

औरंगाबाद आणि वेरूळ

औरंगाबाद शहराच्या उत्तरेकडील डोंगरात बौद्ध लेण्यांचे समूह आहेत. पश्चिम समूहातील ५ व पूर्व समूहातील ४ लेण्यांचे आराखडे १८७८ च्या अहवालात आले. त्यांतील शिल्पांचा दर्जा अजिंठ्याच्या तोडीचा असूनही प्रवासी तिकडे फारसे फिरकत नसत. ही उपेक्षा पुढेही बराच काळ टिकली.

वेरूळची गोष्ट निराळी होती. तेथे प्रवासी येतच होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने नांदगावला उतरायचे आणि पुढे टांग्याने किंवा घोड्यावरून जायचे, असा त्या वेळचा मार्ग होता. औरंगाबादला रेल्वे पोहोचली ती १९०० च्या सुमारास. १८७७ मध्ये बर्जेस यांनी वेरूळच्या लेण्यांवर खास प्रवाशांसाठी एक छोटे वाटाडी पुस्तक मुंबईत प्रसिद्ध केले. सरकारी अहवाल मोठ्या आकाराचे, महाग आणि ग्रंथालयात राहणारे. हे पुस्तक हातात धरून लेण्यात फिरता येत असे.

वेरूळची मुख्य रांग सुमारे दोन किलोमीटर पसरलेली आहे. दक्षिणेकडे बौद्ध, मध्ये ब्राह्मणी आणि उत्तरेकडे जैन अशी ३४ लेणी तीत आहेत. स्थानिक लोक त्यांना ढेडवाडा, महारवाडा, सुतार का झोपडा (विश्वकर्मा), रावण की खाई, दशावतार, रंगमहाल (कैलास), सीता की नहाणी (धुमार लेणे) अशा नावांनी ओळखत. या नावांत त्या काळच्या समाजाची जातवार रचना उमटली आहे, आणि बुद्धाच्या मूर्तीची ओळख पुसली गेल्यावर लोकांनी लेण्यांना कोणते अर्थ दिले हेही त्यांतून कळते. बर्जेस यांच्या ग्रंथांनी दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारे क्रमांक रूढ केले आणि स्थानिक नावे क्रमांकाच्या जोडीला नोंदवून ठेवली. आजचा प्रवासी सोळा नंबर, दहा नंबर असे म्हणतो ते याच वहिवाटीने. क्रमांकाने सोय झाली, वादही मिटले. मात्र पूर्वी माणसे लेण्याला नावाने हाक मारत, ते मागे पडले.

अजिंठा आणि प्रवाशांचा प्रश्न

अजिंठ्यातील चित्रांचा प्रश्न बर्जेस यांच्या काळात तातडीचा झाला होता. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे खपून काढलेल्या मोठ्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या सर ज.जी. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांतीलही अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. मूळ चित्रे दरम्यान झिजतच होती. ओल, किडे, धूर यांच्या बरोबरीने माणसाचा हातही त्याला कारण होता. कोणी नावे कोरत, कोणी आठवण म्हणून रंगीत गिलाव्याचा तुकडा काढून नेत. तुकडे काढणाऱ्यांत अभ्यासू म्हणवणारे लोकही होते, ही या इतिहासातील अप्रिय बाब आहे. भिंतीवरून उचकटलेले चित्र बहुधा वाटेतच भुकटी होत असे.

बर्जेस यांनी १८७९ मध्ये अजिंठ्याची चित्रे व शिल्पे आणि बाघ येथील चित्रे यांवर एक स्वतंत्र टिपणवजा पुस्तिका काढली. तिच्यात प्रत्येक लेण्यातील चित्र भिंतीच्या कोणत्या भागावर आहे, त्यात कोण कोण दिसते आणि किती शाबूत आहे हे लिहिलेले आहे. हे लेखन रुक्ष आहे. यादी वाचत असल्यासारखे वाटते. पण ज्या भिंतीवर आता फक्त डाग उरले आहेत, तिथे १८७० च्या दशकात काय दिसत होते हे जाणण्यासाठी गिल यांची छायाचित्रे, ग्रिफिथ्स यांच्या प्रतिकृती आणि ही यादी एकत्र ठेवून पाहावी लागते. आग लागून नष्ट होण्याचा धोका यादीला सर्वांत कमी होता, कारण ती छापलेली होती.

याच सुमारास अमेरिकेत घडलेली घटना तुलनेसाठी उपयोगी आहे. कोलोरॅडोतील मेसा व्हर्दे येथे प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनी कड्याच्या कपारीत बांधलेली दगडी घरे १८८८ नंतर बाहेरच्या जगात प्रसिद्ध झाली. १८९१ मध्ये गुस्ताफ नॉर्डेनशल्ड या स्वीडिश तरुणाने तेथे उत्खनन केले आणि सापडलेल्या वस्तूंचा मोठा संग्रह युरोपात नेला. तो अखेर फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. त्यांचे १८९३ चे पुस्तक शास्त्रीय शिस्तीचे होते, पण वस्तू गेल्या त्या गेल्या. ती घरे कपारीच्या आडोशाला बांधलेली होती, त्यांत भांडी, विणलेल्या वस्तू, मानवी अवशेष असे उचलून नेण्याजोगे बरेच काही होते. सह्याद्रीतील आणि मराठवाड्यातील विहार कड्यातच कोरलेले असल्याने ते उचलता येत नव्हते. जे उचलता येत होते, म्हणजे रंगाचा थर व सुटी मूर्ती, त्यावर मात्र येथेही हात पडला. अमेरिकेत १९०६ मध्ये प्राचीन अवशेषांचा कायदा झाला व मेसा व्हर्दे राष्ट्रीय उद्यान ठरले. ब्रिटिश भारतात प्राचीन वास्तू जतन कायदा १९०४ मध्ये आला. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये गुलाम यझदानी यांच्या नेतृत्वाखाली स्वतःचे पुरातत्त्व खाते उभारले. १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांकडून अजिंठ्याची चित्रे पक्की करून घेण्यात आली.

जागेवरच जतन की संग्रहालयात, या प्रश्नावर बर्जेस यांची भूमिका सर्वत्र एकच नव्हती. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाचे काम १८८१-८२ मध्ये त्यांच्याकडे आले, तेव्हा आधीच्या सरकारी खोदकामात तेथील शिलापट्ट मूळ जागेवरून हलले होते आणि त्यांच्या नोंदीही नीट नव्हत्या. प्राचीन वास्तूंचे तत्कालीन क्युरेटर एच. एच. कोल यांचा आग्रह शिल्पे जागेवर ठेवण्याचा होता. बर्जेस यांनी ती मद्रासच्या संग्रहालयात हलवण्याची बाजू घेतली व तसे घडले. शिल्पे चुन्याच्या भट्टीपासून वाचली, हे या निर्णयाच्या बाजूने सांगितले जाते. त्या टेकाडावर पाहण्यासारखे फार थोडे उरले, हेही खरे आहे.

‘द केव्ह टेंपल्स ऑफ इंडिया’ व पुढील ग्रंथ

१८८० मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात पूर्व भारतातील लेण्यांचा भाग फर्ग्युसन यांनी आणि पश्चिम भारतातील लेण्यांचा बराच मोठा भाग बर्जेस यांनी लिहिला. भाजे, कार्ले, बेडसे, जुन्नर, नाशिक, कान्हेरी, अजिंठा, वेरूळ अशी प्रसिद्ध स्थळे आणि मोमिनाबाद, खरोसा, भामेर यांसारखी दुर्लक्षित स्थळे त्यात शेजारी शेजारी येतात. १८८१ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासह त्यांनी पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांचा संग्रह मुंबईत प्रसिद्ध केला. भगवानलाल हे भाऊ दाजींच्या तालमीत तयार झालेले जुनागढचे विद्वान. ब्राह्मी लिपीवरील त्यांची पकड बर्जेस यांच्यापेक्षा कितीतरी अधिक होती आणि या संग्रहाचे खरे बळ तेच होते. १८८३ मध्ये बौद्ध लेण्यांवरील आणि वेरूळ व अन्य ब्राह्मणी-जैन लेण्यांवरील असे पाहणीचे दोन मोठे खंड निघाले. त्यांतील लेखांचे संपादन ब्यूलर यांनी केले.

कालनिर्णयातील मतभेद

बर्जेस यांचे अनेक कालनिर्णय टिकले नाहीत. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी ते व फर्ग्युसन सहाव्या-सातव्या शतकापर्यंत खाली आणत. पहिल्या लेण्यातील एका चित्रात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबारातील इराणी वकिलात आहे, ही फर्ग्युसन यांची समजूत त्याला कारण होती. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा केलेला अभ्यास आणि त्यानंतर वॉल्टर स्पिंक यांचे संशोधन यांमुळे ही लेणी पाचव्या शतकात, वाकाटक सम्राट हरिषेण याच्या काळाशी जोडली गेली.

कैलास लेण्याबाबतही असेच झाले. शेजारच्या दशावतार लेण्यात राष्ट्रकूट दंतिदुर्ग याचा उल्लेख असल्याने कैलासाचे श्रेय प्रथम त्याला दिले गेले. १८८३ मध्ये भांडारकरांनी शके ७३४ च्या बडोदे ताम्रपटाच्या आधारे ते पहिल्या कृष्णराजाचे काम असल्याचे दाखवले. हा लेख छापला गेला तो बर्जेस यांच्याच ‘इंडियन अँटिक्वेरी’मध्ये. स्वतःच्या पुस्तकाला बाधक ठरणारा पुरावा संपादकाने आपल्या मासिकात छापला, याची नोंद घेण्यास हरकत नाही.

महासंचालकपद

१८८१ मध्ये दक्षिण भारताच्या पाहणीची जबाबदारीही बर्जेस यांच्यावर आली. १८८५ मध्ये त्यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला. अलेक्झांडर कनिंगहॅम निवृत्त झाल्यावर १८८६ मध्ये ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. शिलालेखांसाठी वाहिलेले ‘एपिग्राफिया इंडिका’ त्यांच्या पुढाकाराने १८८८ मध्ये सुरू झाले. १८८९ मध्ये ते निवृत्त झाले आणि सरकारने काटकसरीच्या धोरणापायी ते पदच रद्द केले. १९०२ मध्ये जॉन मार्शल यांची नेमणूक होईपर्यंत ते रिकामे राहिले. पश्चिम भारतातील काम त्यांचे सहाय्यक हेन्री कझिन्स यांनी पुढे चालवले.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतर बर्जेस एडिनबरा येथे राहिले. तेथे ते पुन्हा गणिताकडे वळले. संभाव्यताशास्त्रात लागणाऱ्या त्रुटि-फलाच्या मूल्यांची विस्तृत कोष्टके त्यांनी तयार केली. १८९८ मध्ये एडिनबराच्या रॉयल सोसायटीने ती प्रसिद्ध केली आणि त्यासाठी त्यांना कीथ पदक देण्यात आले. या सोसायटीचे ते काही वर्षे उपाध्यक्षही होते. लेण्यांमुळे त्यांना ओळखणाऱ्या वाचकाला ही कोष्टके ठाऊक नसतात आणि कोष्टके वापरणाऱ्या गणितज्ञाला लेणी.

पुरातत्त्वीय लेखनही थांबले नाही. गुजरात व अहमदाबाद येथील मुस्लिम वास्तुकलेवरील खंड, ग्रुनवेडेल यांच्या बौद्ध कलेवरील जर्मन ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतराचे संशोधन व विस्तार (१९०१) आणि फर्ग्युसन यांच्या भारतीय वास्तुकलेच्या इतिहासाची सुधारित आवृत्ती (१९१०) ही या काळातील प्रमुख कामे. १९१३ मध्ये आधुनिक भारताच्या घटनांची कालसूची प्रसिद्ध झाली, तेव्हा ते ८० वर्षांचे होते. ३ ऑक्टोबर १९१६ रोजी एडिनबरा येथे त्यांचे निधन झाले.

वेरूळ व अजिंठा १९८३ मध्ये जागतिक वारसा स्थळांच्या यादीत गेले. अंबाजोगाईच्या हत्तीखान्यात आजही मुख्यतः योगेश्वरीच्या दर्शनाला आलेली माणसे वेळ काढून डोकावतात. मुकुंदराजांच्या व दासोपंतांच्या समाधीकडे जाणाऱ्यांची वाट त्याहून अधिक मळलेली आहे.